आधी कान, मग बटण

(शंका-समाधान : समुद्रावरचा रेडिओ)

भिलाईपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तरी या महिन्यात इथल्या वाचकांनी जहाजावरच्या रेडिओविषयी पत्रे पाठवली. मला त्याचा मनापासून आनंद झाला. नौदलाच्या ‘विक्रांत’ला लागलेल्या पोलादात भिलाईचा वाटा आहे आणि इथल्या मराठी घरांतली मुलंही आता जहाजावर जातात. रेडिओ ऑफिसर म्हणून आयुष्य काढल्यावर एवढं नक्की सांगतो, की समुद्रावर नीट बोलणाऱ्याआधी नीट ऐकणारा लागतो.

माझा मुलगा नुकताच डेक कॅडेट झाला. ‘सोळावर सतत कान ठेवावा लागतो’ असं फोनवर सांगतो. हे सोळा म्हणजे काय? सगळे एकाच ठिकाणी बोलले तर गोंधळ होत नाही का? – एक आई, सेक्टर 6

ताई, सोळा म्हणजे व्हीएचएफ सेटवरचा 16 नंबरचा चॅनेल, 156.8 मेगाहर्ट्झ. जगातल्या कुठल्याही समुद्रावर संकटाची हाक इथेच मारायची आणि एरवी एकमेकांना बोलावायचंही इथेच. समोरचा सापडला, की दोघांनी दुसऱ्या चॅनेलवर जायचं. जहाजा-जहाजांत बोलायला 6 नंबर आहे. हाक सोळावर, गोष्ट दुसरीकडे.

तुमची शंका अगदी योग्य आहे, गोंधळ होतो. या सेटवर बटण दाबलं, की बोलता येतं पण ऐकू येत नाही. सोडलं, की ऐकू येतं. दोघांनी एकदम दाबलं तर ज्याची लहर जोरकस त्याचा आवाज पोचतो, दुसऱ्याचा बुडतो, आणि बुडाल्याचं त्याला कळतही नाही. एकदा आमच्या जहाजावर माइक खुर्चीच्या फटीत अडकून बटण दाबलं गेलं होतं. आसपासच्या जहाजांना आमच्या केबिनमधली भांडी वाजलेली ऐकू येत होती, आणि तेवढा वेळ सोळावर कुणालाच मदत मागता आली नसती. आता बऱ्याच सेटांत पाच मिनिटांनी बोलणं आपोआप तुटण्याची सोय असते. तरीही माइक हुकला अडकवणं हे कॅडेटने शिकायचं पहिलं काम.

मुलाला एवढं सांगा : स्क्वेल्चचं बटण खरखर येईपर्यंत फिरवायचं आणि ती जेमतेम थांबेल तिथे ठेवायचं. जास्त फिरवलं तर खरखरीबरोबर लांबचा क्षीण आवाजही कापला जातो. मग थोडा वेळ ऐकायचं. चॅनेल मोकळा असेल तर बटण दाबून क्षणभर थांबायचं, नाहीतर पहिलं अक्षर तुटतं. माइक तोंडापासून चार बोटं दूर. समोरच्याचं नाव आधी, आपलं नंतर. ओरडायचं नाही, त्याने आवाज फाटतो.

मी प्लांटमध्ये क्रेनवर आहे. आम्हीही वॉकीटॉकी वापरतो. सिनेमात ‘ओव्हर अँड आउट’ म्हणतात, ते बरोबर आहे का? – एक कर्मचारी

नाही. ‘ओव्हर’ म्हणजे माझं झालं, तुमच्या उत्तराची वाट पाहतोय. ‘आउट’ म्हणजे संभाषण संपलं. दोन्ही एकदम म्हणायला अर्थ नाही. ‘रॉजर’ म्हणजे फक्त ‘ऐकू आलं’; त्याचा अर्थ होकार धरू नका. आकडे सुटे सांगायचे : पंधरा नाही, एक-पाच. मराठीत तर हे आणखी जपावं लागतं, कारण गोंगाटात एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखेच लागतात. हुकला लॅडल लटकत असताना चुकलेल्या शब्दाची किंमत तुम्हाला मी सांगायला नको.

आमचे चुलतभाऊ हर्णैला मासेमारी करतात. 5 वॅटचा हातातला सेट घ्यावा की 25 वॅटचा बोटीवर बसवायचा? – एक निवृत्त वाचक, दुर्ग

काका, बसवायचाच घ्या. पण वॅटपेक्षा अँटेनाची उंची मोलाची. या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वीचा बाक आडवा येतो. दोन्हीकडच्या अँटेनांच्या उंचीची मीटरमधली वर्गमुळं काढा, बेरीज करून 4.1 ने गुणा. साधारण किलोमीटर मिळतात. दोन बोटींवर चार-चार मीटरची अँटेना असेल तर सोळा किलोमीटर. समोर 25 मीटर उंच अँटेनाचं जहाज असेल तर एकोणतीस. किनाऱ्यावर 100 मीटर उंचीवर अँटेना असेल तर जवळपास पन्नास. हातातला सेट जोडीला जरूर ठेवा, चार्ज केलेला आणि पाण्यात न बिघडणारा. अँटेनाच्या केबलचा जोडही अधूनमधून उघडून पाहायला सांगा. खाऱ्या हवेने तिथे हिरवट थर चढतो, मग चालू दिसणारा सेटही मुका होतो. बंदरात बोलताना 1 वॅटवर ठेवावा, म्हणजे लांबच्यांना त्रास होत नाही.

असे दोन सेट घेऊन आम्ही मित्र मरोदा तलावाकडे फिरायला जाऊ शकतो का? – एक विद्यार्थी

नको. सागरी चॅनेल जहाजांसाठी राखीव आहेत आणि सेटला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. सहलीसाठी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवरचे, विनापरवाना वापराला मोकळे असलेले कमी शक्तीचे सेट मिळतात, तेच घ्या.

जीवावर बेतलं तर नेमकं काय बोलायचं? इंग्रजी येत नसेल तर? – हर्णैवाल्या वाचकांचाच दुसरा प्रश्न

सेटवर झाकणाखाली लाल बटण असेल तर झाकण उघडून ते पाच सेकंद दाबून धरा. 70 नंबरच्या चॅनेलवरून बोटीचा नऊ आकडी क्रमांक आपोआप जातो आणि जीपीएस जोडलेलं असेल तर ठिकाणही. हा क्रमांक सेटमध्ये आधी भरलेला असावा लागतो. भारतीय बोटींचा 419 ने सुरू होतो.

मग सोळावर : ‘मेडे, मेडे, मेडे’. बोटीचं नाव तीनदा. पुन्हा एकदा ‘मेडे’ आणि नाव. कुठे आहोत, काय झालंय, काय मदत हवी, बोटीवर किती माणसं. ‘ओव्हर’. आता बटण सोडा आणि ऐका. घाबरलेला माणूस बटण सोडायचं विसरतो आणि आलेलं उत्तर त्याला ऐकू येत नाही.

इंग्रजी अडलं तर मराठीत किंवा हिंदीत बोला, पण गप्प राहू नका. इंजिन बंद पडलंय, पण जिवाला लगेच धोका नाही, तर ‘मेडे’ऐवजी ‘पॅन-पॅन’ तीनदा. लाल बटण चुकून दाबलं गेलं तर सेट बंद करून बसू नका, सोळावर येऊन चूक झाल्याचं सांगा. नाहीतर शोधायला माणसं निघतात. किनाऱ्यावरच्या घरच्यांनी तटरक्षक दलाचा 1554 हा फोन क्रमांक लिहून ठेवावा.

हे सगळं एका कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून सेटशेजारी चिकटवायला सांगा. माणसांच्या संख्येची जागा मात्र कोरी ठेवा, आणि दर फेरीला निघण्याआधी ती पेन्सिलीने भरा.