‘लोक’ म्हणजे कोण?

इ. स. १०३० च्या सुमारास अल्-बिरुनीने आपल्या भारतविषयक ग्रंथात लिहिले की, येथील लोक आपल्या देशासारखा दुसरा देश मानीत नाहीत; खुरासान किंवा इराणातील विद्वानाची गोष्ट सांगितली, तर सांगणाऱ्यालाच खोटा ठरवितात. त्यांचे पूर्वज इतके संकुचित नव्हते, हेही त्याने नोंदविले.

विद्यार्थी मित्रहो, येथे ‘लोक’ म्हणजे कोण? त्याचा संवाद प्रामुख्याने वायव्येकडील संस्कृत पंडितांशी होता. दक्षिणेत मात्र १०२५ मध्येच राजेंद्र चोळाचे आरमार समुद्र ओलांडून सुमात्रा बेटावरील श्रीविजयावर चालून गेले होते. त्या खलाशांची साक्ष या निष्कर्षात नाही.

एका वर्गाची अहंता अशी साऱ्या राष्ट्राच्या माथी बसते. म्हणून कोणत्याही देशाला अज्ञानी म्हणण्यापूर्वी साक्ष कोणाची घेतली, हे तपासावे.