बंगळुरूहून सायकल कुठं न्यावी?

रविवारी पहाटे नंदी हिल्स चढून आलेली सायकलवाली मंडळी खाली कारहळ्ळी फाट्यावर चहाला टेकतात, आणि तिथं विषय एकच निघतो : लांबचा दौरा कुठं काढायचा? कुणी लेह म्हणतं, कुणी पामीर, कुणी थेट चिली. या गप्पांत मी बरीच वर्षं आहे. या काळात माझी उत्तरं बदलत गेली, ती अशी.

१. नंदीवर पाय तयार होतात, फुफ्फुसं नाही.

नंदीचा माथा १४७८ मीटर. मनाली–लेह वाटेवरची तांगलांग ला ही खिंड ५३२८ मीटर, म्हणजे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर. आपण राहतो ९२० मीटरवर. गाटा लूप्सच्या एकवीस वळणांचे फोटो बघून आठवड्याची रजा टाकणाऱ्यांना मी सरळ सांगते, दोन आठवडे मिळतील त्या वर्षी जा; अंगाला उंचीची सवय व्हायला दिवसच जावे लागतात. नुसत्या उंचीचा हव्यास तर नकोच. खारदुंग लाच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, नीट मोजल्यावर ती उंची १७,५८२ फुटांच्या आसपास भरली. मग १९,०२४ फुटांचा उमलिंग ला आला आणि खारदुंगचा तोराही उतरला. सीमेवरचे रस्ते वर वर जातच राहणार. आपण किती वेळा यादी बदलायची?

२. आधी वारा बघा, मग तारीख ठरवा.

चित्रदुर्गच्या टेकड्यांवर पवनचक्क्या कुणी हौसेनं उभ्या केलेल्या नाहीत. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा असा सुटतो, की पुण्याकडे निघालेल्याला सपाटीवरही घाट लागल्यागत होतं. त्याच दिवसांत चेन्नईची वाट धरली तर वारा पाठीशी, आणि एकूण उतार समुद्रापर्यंत. पाऊस सरला की सकलेशपूर, कुद्रेमुख, आगुंबे. शिराडी घाटात मात्र ट्रकच्या रांगेत धूर खात चढण्यात काय मौज आहे, मला कळलेलं नाही.

३. रस्ता आपल्याला घेतो का, तेही विचारा.

म्हैसूरच्या नव्या द्रुतगती मार्गावर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना आणि सायकलींना मुख्य रस्ता बंद आहे. बाजूच्या सर्व्हिस रोडनं जायचं. मी कनकपुरा–मळवळ्ळीवरून जाते. मद्दूर वडा हुकतो, तेवढंच. बांदीपूरचा जंगलरस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो आणि दिवसाही चौकीवर सायकल अडवली जाऊ शकते. मुकाट टेम्पोत चढवावी. हत्तीपुढे गिअर कामाला येत नाहीत.

४. जायला कारण हवं.

हे मला सगळ्यात उशिरा कळलं, आणि ते याच शहरामुळे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानानं बंगळूर घेतलं आणि पुढं ते शहाजीराजांची जहागीर झालं. आपण रोज ज्या शहरातल्या सिग्नलला शिव्या देतो, ते एकेकाळी भोसल्यांचं घर होतं. एवढं लक्षात आल्यावर माझा नकाशाच बदलला.

पहिलं ठिकाण होदिगेरे, दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरीजवळ. १६६४ च्या जानेवारीत शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे इथंच गेले. समाधी साधी आहे. शेतातून, सुपारीच्या बागांतून जाणारी वाट सायकलीसाठीच केल्यासारखी. जाता-येता दावणगेरेचा बेण्णे डोसा आहेच, आणि तो एकावर थांबत नाही.

दुसरं जिंजी. होसूर, कृष्णगिरी, चेंगम, तिरुवण्णामलै आणि मग जिंजी. शूळगिरीनंतर रस्ता पठारावरून खाली घसरतो आणि हवा बदललेली कातडीला कळते. दोन मुक्काम धरावेत. फक्त पौर्णिमा टाळावी : तिरुवण्णामलैला त्या रात्री लाखो लोक डोंगराची चौदा किलोमीटरची प्रदक्षिणा करतात, लॉजमध्ये खोली मिळत नाही आणि रस्त्यावर सायकलही हातानं न्यावी लागते. जिंजी म्हणजे तीन डोंगरांना एकत्र कवेत घेणारा तट. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेतला. पुढं रायगड पडायच्या सुमारास राजाराम महाराज इथं आले आणि १६९८ पर्यंत मोगलांचा वेढा झुंजवत राहिले. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. त्या तीन डोंगरांपैकी राजगिरी चढायला वेगळा दिवस ठेवा. सायकल चालवून आलेल्या मांड्या पायऱ्यांवर निराळीच भाषा बोलतात.

तिसरं अर्थात तंजावर. जिंजीपासून पुढं कावेरीचा सपाट प्रदेश, भातखाचरं आणि दर काही किलोमीटरवर गोपुर. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत इथं भोसल्यांचं राज्य होतं. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या आवारात भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. त्या भिंतीसमोर घामेजल्या कपड्यांत उभं राहून आपली भाषा वाचायची, यासाठी मी लेह पुढं ढकललं, आणि त्याची हळहळ नाही.

५. पदक वेगळं, प्रवास वेगळा.

बंगळुरूत ब्रेव्हेचं, म्हणजे ठरल्या वेळेत ठरलेलं अंतर कापण्याचं, वेड जबर आहे. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे चाळीस तासांत. पुढं पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस, बाराशे किलोमीटर नव्वद तासांत. शिस्त म्हणून उत्तम. पण घड्याळ लावून निघालं की होदिगेरेला वळता येत नाही. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये सुमारे २९,००० किलोमीटर, १५९ दिवसांत, जग फिरून आली. मुंबईहून ऑक्टोबर १९२३ मध्ये निघालेले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा परतले १९२८ साली. वेदांगीला सलाम, हेवा मात्र त्या तिघांचा वाटतो.

६. लॉजवाल्याला भाड्याआधी एकच गोष्ट विचारा : सायकल खोलीत नेऊ का?

“एल्लिंद बंद्री?” (कुठून आलात?) याला उत्तर देण्यापुरतं कन्नड यायलाच हवं. बंगळूरहून सायकलवर आलोय म्हटलं की निम्म्या वेळा खोली तळमजल्यावर मिळते.

७. परदेशच हवा असेल तर चिलीआधी डॅन्यूब.

चिलीतला कारेतेरा ऑस्ट्रल हा रस्ता सुमारे १२४० किलोमीटरचा. त्यातला बराच रस्ता खडीचा आणि पाऊसवारा बेभरवशाचा. पासाऊ ते व्हिएन्ना मात्र नदीकाठची सपाट सायकलवाट आहे, तीनशेवर किलोमीटर, वाटेत गावं भरपूर. लेकीकडे म्युनिकला तीन महिने जाऊन खिडकीत बसणाऱ्या आपल्या आईवडिलांनाही ती जमेल. भाड्यानं बॅटरीची सायकल घ्यावी, लाज कसली!

८. परतीची सोय निघण्याआधी करा.

तंजावरहून म्हैसूरची गाडी बंगळुरूवरून जाते. सायकल पार्सल ऑफिसात द्यायची, गाडी सुटायच्या बऱ्याच आधी. पॅनिअर, दिवे, पंप, बाटल्या काढून आपल्याजवळ ठेवायच्या, चाकं आणि गिअरकडची बाजू गोणपाटात गुंडाळायची, नाव आणि उतरायचं स्टेशन ठळक अक्षरांत दोन ठिकाणी लिहायचं. तरीही सायकल कधीकधी मागच्या गाडीनं येते. पावती खिशात असू द्या आणि सोमवारी पहिल्याच तासाला मीटिंग ठेवू नका.