निवृत्त गुप्तहेराचे वेषांतर : ‘हिज लास्ट बो’मधील निवेदन आणि नीती

मराठीत ‘गुप्तहेर’ हा शब्द दोन वेगळ्या व्यवसायांसाठी सर्रास वापरला जातो. घडून गेलेल्या गुन्ह्याचा छडा लावणारा तो गुप्तहेर आणि वेष पालटून शत्रूच्या गोटात वावरणारा तोही गुप्तहेरच. इंग्रजीत या दोहोंसाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि त्या शब्दांमागे वेगवेगळ्या वाङ्मयपरंपराही उभ्या आहेत. अपराधशोधकाची कथा पुराव्यावर आणि तर्कावर विसंबते, हेरकथा विश्वास आणि विश्वासघात यांवर. आर्थर कॉनन डॉयल यांच्या ‘हिज लास्ट बो’ या कथेत हे दोन्ही व्यवसाय एकाच व्यक्तीत एकवटतात. त्यामुळे मराठी शब्दातील ही संदिग्धता या कथेच्या अभ्यासाला अडसर न ठरता उपकारकच ठरते. कथेचा नायक अर्थातच शेरलॉक होम्स आहे, पण तो सेवानिवृत्त, साठीचा आणि मधमाश्या पाळणारा होम्स आहे.

ही कथा सप्टेंबर १९१७ मध्ये ‘स्ट्रँड मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा तिचे उपशीर्षक होम्सच्या युद्धसेवेचा निर्देश करणारे होते. त्याच वर्षी ती संग्रहात आली, तेव्हा त्याची जागा ‘उपसंहार’ अशा अर्थाच्या उपशीर्षकाने घेतली. मासिकाच्या वाचकाला युद्धकथा हवी होती आणि ग्रंथाला होम्सचा निरोप, असा या बदलाचा अर्थ लावता येतो. कथेतील काळ मात्र २ ऑगस्ट १९१४ च्या रात्रीचा, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारण्याच्या दोन दिवस आधीचा आहे. हे तीन वर्षांचे अंतर कथेच्या घाटाला आतून बांधून ठेवते. पात्रांना जे ठाऊक नाही ते वाचकाला ठाऊक आहे, आणि डॉयल या अंतराचा उपयोग अतिशय सावधपणे करतात.

कथानक थोडक्यात असे. हार्विचजवळच्या किनाऱ्यावरील एका घरात फॉन बोर्क हा जर्मन हेर चार वर्षे इंग्रज रईसाचे सोंग घेऊन राहत आहे. तो पोलो खेळतो, शिकारीला जातो, नौकाशर्यतीत भाग घेतो, आणि अशा खिलाडू माणसाचा संशय कोण घेणार? नाविक तळ, तोफा, विमाने, सुरुंग यांविषयीची चोरून मिळवलेली कागदपत्रे त्याच्या तिजोरीत विषयवार लावून ठेवलेली आहेत. वकिलातीचा मुख्य सचिव बॅरन फॉन हेरलिंग त्याचे कौतुक करून निघून जातो. मग आल्टामाँट नावाचा आयरिश-अमेरिकन माणूस शेवटचा आणि सर्वांत मोलाचा ऐवज घेऊन येतो : नौदलाची संकेतावली. पुडके उघडताच आत मधमाश्यापालनावरचे एक छोटेसे निळे पुस्तक निघते, आणि त्याच क्षणी क्लोरोफॉर्मचा बोळा फॉन बोर्कच्या नाकावर दाबला जातो. आल्टामाँट म्हणजेच होम्स. त्याचा वयस्क मोटारचालक म्हणजे वॉटसन.

या चोरटोळीचे स्वरूप त्या काळच्या मानाने पूर्णतः यांत्रिक आहे, ही बाब समीक्षेत फारशी विचारात घेतली जात नाही. टोळीची सांकेतिक भाषाच मोटारीच्या सुट्या भागांची आहे : रेडिएटर म्हणजे युद्धनौका, तेलपंप म्हणजे क्रूझर आणि स्पार्क प्लग म्हणजे नाविक संकेत. आल्टामाँट वरकरणी मोटारींचा तज्ज्ञ आहे, त्यामुळे तार कोणाच्या हाती पडली तरी संशयाला जागा राहत नाही. तिजोरीचे धातूकामही असे की कोणतेही हत्यार तिच्यावर चालू नये. तिला दुहेरी कुलूप आहे, एका चकतीवर अक्षरे आणि दुसरीवर अंक. पण यंत्राचा पाडाव कथेत यंत्राकडून होत नाही. आल्टामाँट तिजोरीविषयी शंका घेतो, फॉन बोर्कचा अभिमान डिवचला जातो आणि तो आपण होऊन शब्द व आकडा सांगून टाकतो. शब्द ‘ऑगस्ट’, आकडा ‘१९१४’, आणि ही जुळणी चार वर्षांपूर्वीची! जर्मनीने युद्धाचा मुहूर्त फार आधी ठरवला होता हा १९१७ मधील ब्रिटिश प्रचाराचा दावा डॉयलनी येथे एका कुलपात बसवला आहे. इतिहास म्हणून तो स्वीकारण्याचे कारण नाही. कथातंत्र म्हणून मात्र तो लक्षणीय आहे, कारण सर्व अपराधकथांत दडलेला ‘केव्हा’ हा प्रश्न येथे तिजोरीच्या दारावरच लिहिलेला आहे.

मोटारींची गोष्टही अशीच. बॅरनची शंभर अश्वशक्तीची बेंझ गाडी गावाच्या वाटेने जाताना समोरून येणाऱ्या लहानशा फोर्ड गाडीला जवळजवळ चिरडून पुढे जाते, आणि आपल्याच विचारात बुडालेल्या बॅरनच्या ते ध्यानातही येत नाही. त्या फोर्डमध्ये कोण होते हे वाचकाला नंतर उमगते. त्याआधी बॅरन खिडकीतून दिसणाऱ्या मार्था या वृद्ध गृहसेविकेकडे पाहून, ही मांजर कुरवाळीत पेंगणारी बाई म्हणजे आत्ममग्न इंग्लंडच, अशी थट्टा करतो. मार्था होम्सनेच त्या घरात ठेवलेली आहे. फॉन बोर्कच्या पत्रांचे पत्ते ती टिपून घेत आली आहे आणि तिने दिवा मालवणे हीच इशाऱ्याची खूण आहे. दिवा आणि विणकाम यांच्या जोरावर ती शंभर अश्वशक्तीला भारी पडते. अर्थात, या प्रतिमेत राष्ट्रीय आत्मगौरव आहेच आणि तो लपविण्याचा प्रयत्नही लेखकाने केलेला नाही.

आता निवेदनाच्या प्रश्नाकडे वळावयास हवे. होम्सच्या साठ कथा-कादंबऱ्यांपैकी बहुतेकांचा निवेदक वॉटसन आहे. दोन कथा स्वतः होम्स सांगतो, आणि ‘हिज लास्ट बो’ व ‘द मॅझरिन स्टोन’ (१९२१) या दोन कथा तेवढ्या तृतीयपुरुषी निवेदनात आहेत. वॉटसनला येथे निवेदकाच्या जागेवरून का हलवले गेले, याचे उत्तर वेषांतराच्या गरजेत सापडते. वॉटसनने कथा सांगितली असती तर त्या घरात होम्स येणार हे वाचकाला पहिल्याच ओळीपासून कळले असते. एरवी होम्सचे सोंग वॉटसनला फसवते आणि वॉटसनच्या मार्फत वाचकाला. येथे मधला मनुष्यच काढून टाकलेला आहे. तटस्थ भासणारा निवेदक ‘आल्टामाँट’ हेच नाव वापरीत राहतो, म्हणजे वेष केवळ पात्राने घेतलेला नसून निवेदनानेही घेतलेला आहे.

ही युक्ती डॉयलना नवी नव्हती. सप्टेंबर १९१४ पासून ‘स्ट्रँड’मध्येच क्रमशः आलेल्या ‘द व्हॅली ऑफ फिअर’ या कादंबरीचा उत्तरार्ध याच पद्धतीने रचलेला आहे. तेथे मॅकमर्डो नावाचा आयरिश-अमेरिकन तरुण शिकागोहून येऊन खाणभागातील खुनशी टोळीत सामील होतो. तो पिंकर्टन संस्थेचा बर्डी एडवर्ड्स आहे हे तृतीयपुरुषी निवेदन शेवटपर्यंत दडवून ठेवते. आल्टामाँटचा प्रवासही शिकागोतूनच सुरू होतो, मग बफेलो येथील आयरिश गुप्त संघटना, मग आयर्लंडमध्ये पोलिसांना उपद्रव, आणि त्यातून फॉन बोर्कच्या हस्तकाची नजर त्याच्यावर पडते. दोन वर्षांच्या अंतराने डॉयलनी जणू एडवर्ड्सचा वेष होम्सच्या अंगावर चढविला आहे. ‘आल्टामाँट’ हे डॉयल यांच्या वडिलांचे मधले नाव होते, हीही नोंद येथे आवश्यक ठरते. डॉयल घराणे मूळचे आयरिश. शिवाय ज्या रॉजर केसमेंटच्या प्राणांसाठी डॉयलनी विनंतीअर्ज उभा केला, तो आयर्लंडसाठी जर्मनीची मदत मागून ३ ऑगस्ट १९१६ रोजी फाशी गेला होता. ब्रिटिशद्वेष्ट्या आयरिश माणसाचे सोंग हे १९१७ मध्ये निरुपद्रवी सोंग खचितच नव्हते.

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मध्ये अपराधकथेचे जे विश्लेषण केले त्यानुसार अशा कथेत दोन कथा असतात : गुन्ह्याची आणि शोधाची. पहिली संपलेली असते, दुसरी ती उकलते. ‘हिज लास्ट बो’मध्ये शोधाची कथाच वाचकाच्या नजरेआड घडून गेलेली आहे. गुन्हा समोर, उघड्या तिजोरीसह मांडलेला आहे, आणि उकलायचे आहे ते शोधकाचे अस्तित्व. या उलटापालटीमुळे तर्काला येथे जवळजवळ काम उरत नाही. पूर्वी होम्सची सोंगे काही तासांची किंवा दिवसांची असत, कधी घोड्याचा मोतद्दार, कधी पाद्री, कधी नळ बसविणारा कारागीर. हे सोंग दोन वर्षांचे आहे, आणि त्याने आपली इंग्रजी कायमची बिघडल्याची तक्रार होम्स विनोदाने करतो. त्या विनोदात वेषाने माणसाला थोडे बदलून टाकल्याची कबुलीही आहे.

संस्कृत परंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला येथे कौटिल्याची ‘उभयवेतन’ ही संज्ञा आठवणे स्वाभाविक आहे. आपल्या राजाचा चाकर असूनही शत्रूच्या पदरी राहून त्याचेही वेतन घेणारा तो उभयवेतन. अशांच्या बायकामुलांना ताब्यात ठेवावे असे अर्थशास्त्र सुचविते, कारण दोन्हीकडून पैसे घेणाऱ्याची निष्ठा शेवटी कोठे स्थिरावेल याची शाश्वती शास्त्रकाराला नाही. ‘मुद्राराक्षसा’तही हेरांचे जाळे आहे. क्षपणकाच्या वेषातील जीवसिद्धी राक्षसाचा विश्वासू म्हणून वावरतो. पण विशाखदत्त चाणक्याचा हा डाव पहिल्याच अंकात प्रेक्षकाला सांगून टाकतो. प्रेक्षक चाणक्याच्या बाजूने सहभागी होतो आणि फसवणुकीचे ओझेही त्याच्यावर येते. राक्षसाचा सज्जनपणा जाळ्यात सापडताना पाहण्याची अस्वस्थता त्या नाटकात आहे. डॉयल वाचकाला आधी अंधारात ठेवून नंतर एकदम विजयात सामील करून घेतात, त्यामुळे त्या अस्वस्थतेला वावच मिळत नाही.

ती अस्वस्थता संहितेत नाही असे मात्र नव्हे. आल्टामाँट फॉन बोर्कशी भांडतो ते पकडल्या गेलेल्या सहकाऱ्यांवरून. जॅक जेम्स तुरुंगात आहे, हॉलिसही गेला, आता स्टायनरही पकडला गेला. तुम्ही काम झाले की माणसे वाऱ्यावर सोडता, असा आरोप तो संतापाने करतो. दुसऱ्यांदा वाचताना कळते की ही माणसे होम्सनेच गजाआड केलेली आहेत. स्वतः घडविलेल्या अनर्थाचा संताप दाखवून तो समोरच्यावर दबाव आणतो. हा अभिनय अचूक आहे आणि म्हणूनच बेकर स्ट्रीटच्या होम्सपेक्षा वेगळा आहे. जुना होम्स कायद्याबाहेर जाऊन आपल्या विवेकाने निवाडा करी, तर हा होम्स राज्याच्या बाजूने खोटे बोलतो. फॉन बोर्कला दिलेल्या माहितीतही त्याने हेतुपुरस्सर चुका पेरल्या आहेत. तोफा अपेक्षेपेक्षा मोठ्या निघतील आणि क्रूझर अधिक वेगवान, एवढे तो कैद्याला सहज सांगून जातो. तुम्ही तुमच्या देशासाठी केले, मी माझ्यासाठी, अशा आशयाचे समाधानही तो त्याला देतो. या वाक्यात दोघांची कृत्ये एकाच तराजूत घातली जातात. १९१७ च्या प्रचारकथेत एवढी मोकळीक सापडावी, हे या कथेचे खरे मोल आहे.

मराठी रहस्यकथेच्या अभ्यासकांसाठी या चर्चेला आणखी एक पदर आहे. भालबा केळकरांच्या अनुवादांनी मराठीत होम्स रुजविला तो मुख्यतः तर्कनिष्ठ चातुर्याचा नायक म्हणून, तर बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार व काळापहाड यांच्या कथांमध्ये वेषांतर आणि साहस यांना अग्रमान आहे. या दोन प्रवाहांची तुलना नेहमी परस्परविरोधी म्हणून केली जाते. ‘हिज लास्ट बो’ त्या विभागणीत नीट बसत नाही. येथे तर्काचा मूळपुरुषच साहसकथेच्या वेषात वावरताना आढळतो.

डॉयलनी यानंतरही १९२७ पर्यंत होम्सकथा लिहिल्या, परंतु त्या सर्व १९१४ पूर्वीच्या काळात घडतात. या रात्रीनंतरचा होम्स त्यांनी कधीही रंगविला नाही. गच्चीवर उभे राहून होम्स आणि वॉटसन पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्याविषयी बोलतात, वॉटसन आपल्या जुन्या लष्करी सेवेत परत जाणार आहे, आणि एवढ्यात होम्सला फॉन बोर्कने दिलेला ५०० पौंडांचा धनादेश आठवतो. देणाऱ्याने तो रोखण्यापूर्वी वटवून घेतला पाहिजे म्हणून तो वॉटसनला गाडी सुरू करावयास सांगतो. उभयवेतनाने दुसऱ्या धन्याचे वेतनही सोडलेले नाही.