अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये नायट्रोजन भरताना

वाशीला लागून असलेली एमआयडीसीची ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक वसाहत तुर्भे, पावणे, महापे, रबाळेपर्यंत पसरली आहे. अशा वसाहतींत हायड्रॉलिक यंत्रांच्या दुरुस्तीवर अनेक तरुणांचा चरितार्थ चालतो. या कामातला सर्वांत जोखमीचा भाग म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर. मोटार बंद केली तरी त्यातला दाब कायम राहतो.

अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे जाड पोलादी बाटली. तिच्या आत रबरी ब्लॅडर असतो. ब्लॅडरमध्ये वायू आणि बाहेर तेल. पंपाने तेल आत ढकलले की वायू दबतो आणि गरज पडताच तेच तेल जोराने परत देतो.

नायट्रोजनच का?

नायट्रोजन तेलाशी पेट घेत नाही. ऑक्सिजन मात्र दाबाखाली तेलाशी आला की स्फोट होतो. ब्लॅडरला बारीक छिद्र पडले तरी तेवढे पुरते. साधी दाबलेली हवाही चालत नाही, कारण तिच्यात ऑक्सिजन असतोच. कटिंगसाठी आणलेले ऑक्सिजनचे सिलिंडर जवळच असते आणि मालकाला घाई असते. अशा वेळी ‘हेच लाव’ असे कोणी म्हटले तर साफ नकार द्यावा. सिलिंडरच्या रंगावर विसंबू नये, लेबल वाचावे.

दाब किती?

दाब यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. तेल साठवण्याच्या कामासाठी सर्वसाधारणपणे किमान कार्यदाबाच्या ९० टक्के धरतात. किमान दाब १०० बार असेल तर वायूचा दाब ९० बार. पण हा आकडा यंत्र चालू असतानाच्या तापमानाला लागू असतो. ३० अंशांवर ९० बार भरले आणि तेल ६० अंशांवर गेले, तर वायूचा दाब ९९ बारच्या आसपास जातो. म्हणून ३० अंशांवर सुमारे ८२ बारच भरावेत. दाब जास्त झाल्यास ब्लॅडर तळाच्या पॉपेट व्हॉल्व्हवर आपटून फाटतो, कमी झाल्यास तो अति चेपून निकामी होतो.

कामाचा क्रम

१. वीज तोडून स्विचला कुलूप लावावे. तेलाची बाजू टाकीकडे मोकळी करावी. तेलाचा गेज शून्यावर येईपर्यंत पाना हातात घेऊ नये. तेलाचा दाब शिल्लक असेल तर वायूचे रीडिंगही चुकीचे येते.

२. गेज आणि ब्लीड व्हॉल्व्ह असलेला चार्जिंग किट बसवावा. सिलिंडरला योग्य रेग्युलेटर लावावा. भरलेल्या सिलिंडरचा दाब साधारण १५० बार असतो. सिलिंडर उभे ठेवून साखळीने बांधावे.

३. सिलिंडरचा व्हॉल्व्ह अगदी हळू उघडावा. नव्या ब्लॅडरच्या बाबतीत सुरुवातीचे दोन-तीन बार तर थेंबाथेंबाने भरावेत. घाई केल्यास ब्लॅडर पॉपेटमध्ये अडकून कापला जातो.

४. सिलिंडर बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. तापमान स्थिर झाल्यावर रीडिंग घ्यावे. जास्त झालेला दाब ब्लीड व्हॉल्व्हने थोडा थोडा सोडावा.

५. किट काढून साबणाच्या पाण्याने गळती पाहावी व टोपण बसवावे. तारीख, तापमान आणि दाब लिहून ठेवावा. आठवड्याने पुन्हा तपासावे.

नायट्रोजनला वास नसतो. बंद खोलीत तो साचला तर माणूस गुदमरतो आणि त्याला कळतही नाही. म्हणून दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

भंगाराच्या धंद्यातील मंडळींनीही लक्षात ठेवावे: जुना अ‍ॅक्युम्युलेटर नायट्रोजन पूर्ण सोडल्याशिवाय कापू नये. वापरातल्या बाटलीवर वेल्डिंग किंवा ड्रिल कधीच करू नये.

किटचा खर्च एकदाच होतो. नोंदवहीसह काम करणाऱ्या मेकॅनिकला गिऱ्हाईक पुन्हा बोलावते. वीस मिनिटे वाचवण्यासाठी मात्र हात-पाय किंवा जीव पणाला लावण्यात कसलाच फायदा नाही.