महाविद्यालयातील मार्गदर्शक आणि विद्यार्थ्यांचे यश

महाविद्यालयात प्रवेश मिळाला म्हणजे मुलगा मार्गी लागला, असे आपण पालक समजतो. खरी गळती त्यानंतरच सुरू होते. या दृष्टीने न्यूयॉर्क शहर विद्यापीठाने २००७ साली सुरू केलेली ‘असॅप’ योजना विद्यार्थी मित्रांनी व कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखी आहे.

दोन वर्षांची पदवी घेणारी तेथील बरीच मुले गरीब घरची. एरवी एका मार्गदर्शकाकडे ६०० ते १५०० विद्यार्थी असत. योजनेत ही संख्या ६० ते ८० वर आणली. मग भेट म्हणजे नुसती अर्जावरची सही राहिली नाही. कोणता विषय आधी घ्यावा, गणिताचे पूर्वतयारीचे वर्ग लांबणीवर टाकले तर पुढे काय अडते, नोकरीच्या वेळा कशा जुळवाव्यात, हे सारे बोलले जाई. प्रवासाचा मासिक पासही या भेटींना जोडलेला होता. (ही युक्ती मला फार आवडली.)

८९६ विद्यार्थ्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट करून पडताळणी झाली. तीन वर्षांत योजनेतील ४० टक्के विद्यार्थ्यांना पदवी मिळाली. दुसऱ्या गटात २२ टक्क्यांना. अर्थात फीची उरलेली रक्कम व पुस्तकेही मिळत होती, पूर्णवेळ शिक्षणाची अट होती. म्हणून सगळे श्रेय सल्ल्याला देणे बरोबर नाही. तथापि पुढे ओहायो राज्यातील तीन महाविद्यालयांतही अशीच वाढ दिसली.

न्यूयॉर्कमध्ये दर विद्यार्थ्यामागे खर्च सुमारे ६० टक्क्यांनी वाढला. पण पदवीधर वाढल्याने एका पदवीमागचा खर्च उलट कमी झाला.