प्रोस्टेटचा कर्करोग : शेक किती दिवसांचा?

मागे ऐन जूनमध्ये येथील एक सत्तरीचे शेतकरी फाईल घेऊन दवाखान्यात आले. प्रोस्टेटचा कर्करोग, मध्यम जोखमीचा, ग्रंथीबाहेर न पसरलेला. नागपूरला शेक, म्हणजे रेडिएशन, सुचवले होते. "सायब, पेरनी तोंडावर हाये. सदतीस दिवस तिथं कोन राहीन? दहा-बारा घेतो अन् येतो."

हे 'दहा-बारा घेऊन येणे' फार घातक. अर्धवट शेकाने रोग मरत नाही आणि तीच जागा पुन्हा पूर्ण मात्रेत शेकणे सहसा शक्य नसते. मी म्हटले, "काका, अर्ध्यावर सोडू नका. वीस दिवसांत होईल काय, एवढे तिथल्या डॉक्टरांना विचारा."

मी कर्करोगतज्ज्ञ नव्हे, पण हा प्रश्न रास्त आहे. पूर्वी सदतीस सत्रे म्हणजे साडेसात आठवडे लागत. ब्रिटनमध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांवर दोन्ही पद्धती पडताळून पाहिल्या. 2016 साली निष्कर्ष आला : पाच वर्षांनी रोगाने डोके वर न काढलेले रुग्ण सदतीस सत्रांत 88.3 टक्के, तर वीस सत्रांत 90.6 टक्के. म्हणजे वीस सत्रे कमी पडली नाहीत. पुढे 2024 साली, कमी व मध्यम जोखमीच्या रोगात, पाच सत्रांचेही निष्कर्ष चांगले आले. मात्र त्यात लघवीचा त्रास थोडा अधिक दिसला, शिवाय यंत्र अत्यंत अचूक लागते.

रोग अधिक जोखमीचा असेल तर दिवसांपेक्षा शेकाची जागा महत्त्वाची. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 224 रुग्णांचा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध केला. पंचवीस सत्रांत ओटीपोटातील गाठींनाही शेक दिलेल्यांपैकी 95 टक्के, तर फक्त ग्रंथीला दिलेल्यांपैकी 81 टक्के रुग्णांत पाच वर्षांनी पीएसए पुन्हा वाढलेला नव्हता. अशा रुग्णांना हार्मोनची इंजेक्शनेही दीर्घकाळ घ्यावी लागतात; ती मध्येच बंद करू नयेत.

सुईवाटे ग्रंथीतच किरणोत्सर्गी द्रव्य ठेवण्याची ब्रॅकीथेरपीही आहे. पण ती मोजक्या ठिकाणी होते आणि लघवीची धार आधीच अडलेल्यांना सहसा मानवत नाही.

रोज शेकापूर्वी शौचास जाऊन यावे आणि सांगितले तेवढे पाणी पिऊन लघवी धरून ठेवावी. ग्रंथी जागची हलली तर शेक आतड्याला लागतो. बाहेरून यंत्राने दिलेल्या शेकानंतर अंगात किरण उरत नाहीत. नातवाला खुशाल मांडीवर घ्यावे. (हा प्रश्न आजीबाईच विचारतात.) खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटावे.

काकांना वीस सत्रे मिळाली. पेरणी जावयाने उरकली. आता दर काही महिन्यांनी पीएसएसाठी रक्त देतात. शेकानंतर हा आकडा सावकाश, कित्येक महिने उतरत राहतो. पहिल्याच रिपोर्टने घाबरून नागपूर गाठू नये; आधी फाईल घेऊन माझ्याकडे यावे.