बालक व माता यांच्यासाठीं एक खोली



गांवांत लहान मुलांची शाळा निघावी, गरोदर स्त्रियांची वेळच्या वेळीं तपासणी व्हावी, असें सर्वांस वाटतें. परंतु जागेचा प्रश्न निघाला म्हणजे “पैसा नाहीं” एवढें बोलून सभा उठते. ह्या पाठांत आम्ही असें दाखविणार आहों कीं, अडचण पुष्कळदां पैशापेक्षां विचाराची असते. जागा कोणासाठीं हवी हें आधीं ठरविलें, तर ती थोडक्या खर्चांत होते; न ठरविलें, तर मोठी इमारतही ओस पडते.

१. जागा कोठें असावी? – सन १९४५ मध्यें ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें खेड्यांतील मुलांकरितां बालशिक्षणाचें काम सुरू केलें. अनुताई वाघ त्यांस त्याच वर्षीं येऊन मिळाल्या. पुढें १९५७ सालीं हें काम कोसबाड येथें गेलें. गरिबांचीं मुलें बालवाडीपर्यंत येत नाहींत, असें ह्या बाईंच्या ध्यानांत आलें. त्यांनीं मुलांस किंवा आईबापांस बोल लाविला नाहीं; बालवाडीच उचलून त्यांच्या वस्तींत, घरापुढील अंगणांत नेली. हीच अंगणवाडी. ता. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तिच्या केंद्रांसही हेंच नांव मिळालें. ह्यावरून आपण हें शिकावें कीं, भिंतीचें माप घेण्यापूर्वीं वाटेचें माप घ्यावें. तीन वर्षांचें मूल व दिवस भरत आलेली स्त्री जेथें चालत येऊं शकतील, तीच योग्य जागा.

२. ती केवढी असावी? – ह्या योजनेच्या इमारतीसाठीं किमान ६०० चौरस फुटांचें माप सांगितलें आहे. त्यांत मुलांस व स्त्रियांस बसावयास खोली, निराळें स्वयंपाकघर, धान्याची कोठी, मुलांजोगा संडास, खेळावयास जागा व पिण्याचें स्वच्छ पाणी, इतकें असावें. स्वयंपाकघर निराळें कां? कारण चुलीचा धूर तान्ह्या मुलांस व गर्भिणीस अपायकारक आहे, आणि उकळत्या भांड्याजवळ मुलांचा खेळ चालूं देणें धोक्याचें आहे. एवढी इमारत आज होत नसेल, तर एका खोलीस ओसरी जोडून आरंभ करावा. चूल मात्र बाहेर पडवींत मांडावी.

३. खर्च कोठें वांचवावा? – वास्तुशिल्पी लॉरी बेकर हे १९४५ सालीं कुष्ठरोग्यांच्या मिशनच्या कामासाठीं इंग्लंडाहून ह्या देशांत आले व २००७ मध्यें येथेंच वारले. विटा आडव्या न ठेवतां कडेवर उभ्या लावून मध्यें पोकळी राखण्याची रीत त्यांनीं येथें पुष्कळ चालविली. तिच्यानें सुमारें चौथा हिस्सा विटा वांचतात व खोली थंड राहते. जवळपास मिळणारा दगड, माती, बांबू वापरावा. पत्रा स्वस्त खरा, पण वैशाखांत त्याच्याखालीं मूल बसवत नाहीं. कौलें घालावीं, किंवा पत्र्याखालीं बांबूचा तट्ट्या बांधावा. फळा विकत घेण्याचें कारण नाहीं. भिंतीचा खालचा हातभर भाग काळा रंगविला, म्हणजे बसलेल्या मुलाचाही हात तेथें पोहोंचतो.

४. खर्च कोठें वांचवूं नये? – स्त्रीच्या आडोशांत. जेथें पुरुषांची ये-जा आहे व शेजारणी ऐकत आहेत, तेथें गरोदर स्त्री परिचारिकेस “सर्व ठीक आहे” एवढेंच सांगते व घरीं जाते. तोंडावर व हातांवर सूज, कपाळ फुटेल असें दुखणें, डोळ्यांपुढें अंधारी, अंगावरून रक्त जाणें, ह्या गोष्टी तिच्या मनांतच राहतात. ह्यांपैकीं एकही खूण दिसली तर तिला त्याच दिवशीं रुग्णालयांत नेलें पाहिजे. विलंबानें आई व मूल दोघेंही दगावतात. एक बाज, एक जाड पडदा आणि हात धुण्यास पाणी व साबण, एवढ्यानें तिचें तोंड उघडतें. रंगरंगोटी व प्रवेशद्वारावरील कमान पुढल्या वर्षीं झाली तरी चालेल. पडदा पहिल्या दिवशींच हवा.

जी खोली सकाळीं मुलांची, तीच ठरल्या दिवशीं दुपारीं मातांची होऊं शकते. आई तपासणीस आली म्हणजे धाकट्यास आणते, व धाकटें तेथें रमलें म्हणजे दुसरे दिवशीं शाळेंतही येतें. दोन कामें एका छपराखालीं आणण्याचा हा खरा लाभ होय.

उपदेशक बंधूंनीं पुढील प्रश्न गांवच्या बैठकींत वाचावे, व उत्तरें प्रथम स्त्रियांस विचारावीं:

(१) आपल्या गांवांतील सर्वांत दूरच्या घरचें मूल ह्या जागेपर्यंत एकटें चालत येईल काय?
(२) संडासाची कडी त्याच्या हातास लागते काय?
(३) येथें स्त्रीस आपलें दुखणें कोणी न ऐकतां सांगतां येईल काय?
(४) पावसाळ्यांत ही वाट चालती राहते काय?

ज्या प्रश्नास “नाहीं” असें उत्तर येईल, तेथून कामास आरंभ करावा.